काहीच न करायचा तुकडा

आक्कांचे हात रिकामे असलेले मी कधी पाहिले नाहीत. बोलता बोलता त्या शेंगा फोडतात, वाती वळतात, पदराला चिकटलेली कुसळे एकेक करून वेचतात. आणि बांधावरून चालत असल्या, तर आपल्याशी बोलणे न तोडता त्यांचा उजवा हात खाली जातो आणि मातीतून काही तरी हिरवे उपटून वर येतो. खुरपणीच्या पातीत त्यांच्यापुढे कोणी गेले नाही, असे निरवांगीत आजही सांगतात. त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. मी धाकटी, लग्नानंतर बारामतीला स्थिरावले आणि महाविद्यालयात कविता शिकवत निवृत्तीपर्यंत पोहोचले. खडूहून जड काही माझ्या हातांनी फारसे पेललेले नाही. अशा आम्ही दोघी श्रावणाच्या तोंडाशी नॉर्वेच्या अगदी उत्तरेला जाऊन आलो. त्या प्रवासाची ही हकिकत आहे, आणि तिथे आक्कांच्या हातांनी जे केले त्याचीही.

आक्कांची धाकटी लेक सारिका तिकडे संशोधन करते. कशावर, हे सांगताना आमच्या घरात दरवर्षी निराळे उत्तर दिले जाई. थोरले दीर, म्हणजे आबा, पाहुण्यांना सांगत, "बर्फावर." आक्का सांगत, "झुडपांवर." दोघांचेही बरोबर होते. पृथ्वीच्या माथ्याशी जिथे झाड म्हणून उभे राहण्याइतकी ऊब मिळत नाही, अशा उघड्या गार माळाला टुंड्रा म्हणतात. तिथे शेवाळ, गवत आणि घोट्याएवढी झुडपे एवढीच वस्ती. आता हवा तापू लागली, तशी ती झुडपे उंच आणि दाट होत चालली आहेत. किती, कशामुळे, आणि त्याने त्या माळाचे काय होईल, हे सारिका गेली काही वर्षे मोजते आहे. यंदाचा उन्हाळा तिच्या मोजणीचा शेवटचा होता. शरद ऋतूत सारे काम तिला आपल्या मार्गदर्शक बाईंपुढे मांडायचे होते, आणि पुढची नेमणूक त्यावरच ठरणार होती. "काकी, आईला घेऊन ये," तिने फोनवर म्हटले. "मी काय करते, ते तिने एकदा डोळ्यांनी बघावं. नंतर कदाचित दाखवायला काही उरणार नाही."

आबांना आडसाली उसाची लागण सोडून येणे शक्य नव्हते. निघण्याआधी आम्ही नरसिंहपूरला जाऊन आलो. भीमा आणि नीरा भेटतात तिथे पाण्याचे दोन रंग काही अंतर एकमेकांना न शिवता शेजारून वाहतात; आक्का घाटावर उभ्या राहून ते पाहत होत्या. "दोगी जावा वाटत्यात," म्हणाल्या, आणि मला कोपराने ढोसले.

विमानांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. एवढेच सांगते, की नॉर्वेच्या विमानतळावर आक्कांची पिशवी उघडली गेली. बाजरीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी, येसर मसाल्याची पुडी आणि गुळाची ढेप यांना वाट मिळाली. घरच्या तुपाची बरणी मात्र बाहेर ठेवण्यात आली, कारण परमुलखातले दुधाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. तळाशी जुन्या धडप्यात गुंडाळलेले एक खुरपे निघाले. मीही ते तेव्हाच प्रथम पाहिले. अधिकाऱ्याने ते दोनदा उलटसुलट केले, हसला आणि परत ठेवले.

"खुरपं कशाला आणलंत, आक्का?"

"परका मुलूख. हाताशी आसावं कायतरी."

तूप अडवले गेले आणि खुरपे सुटले, ही त्या तरुणाच्या हिशेबातली केवढी मोठी चूक होती, ते त्या वेळी आम्हाला कळणार नव्हते.

पठार

सारिकाने गाडी थांबवून दार उघडले आणि पहिल्यांदा आत आली ती शांतता. शांततेला वास असतो हे मला तिथे कळले. ओल्या शेवाळाचा, थंड दगडाचा आणि कुठून तरी येणाऱ्या किंचित कडू पानांचा तो वास होता. समोर पठार पसरले होते. एकही झाड नाही, एकही तार नाही. डोळ्याला टेकायला जागाच नाही. इंदापूरच्या रस्त्यावर उसाच्या दोन भिंतींमधून चालायची सवय असलेल्या माझ्या नजरेला प्रथम भोवळ आल्यासारखे झाले, आणि मग नवी नवरी असताना पाहिलेला निरवांगीचा माळ आठवला. तोही एके काळी असाच होता: पवन्या आणि मारवेलीचे गवत, त्यावर वाऱ्याच्या लाटा, आणि दूरवर थबकून मान वळवणारा एखादा चिंकारा.

"आपला माळच की ह्यो," आक्काही म्हणाल्या. "निस्ता फ्रिजात ठिवलाय."

नऊवारी लुगडे, वर सारिकाचे फुगीर जाकीट, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि डोक्यावर डासांसाठीची जाळी, अशा थाटात आक्का चालू लागल्या. खाली माती अशी नव्हतीच. पाऊल टाकले की शेवाळाची गादी दबे आणि उचलले की हळूच फुलून येई. दगडांवर आणि मधल्या उघड्या जागांत पांढुरके, कुरळे, सुकल्यासारखे काही तरी पसरले होते. आक्कांनी चिमूटभर उचलून नाकाशी धरले.

"हे दगडफूल हाय."

"त्याचीच जात," सारिका म्हणाली. "रेनडिअर हिवाळ्यात बर्फ उकरून हेच खातात."

"मसाला खात्यात म्हन की." त्यांनी पुन्हा हुंगले. "पर वास न्हाय ह्याला. मसाला आळणी हाय."

उतारावर सारिकाचे क्षेत्र होते. आधी दिसल्या त्या सहा बाजूंच्या, कमरेखालच्या उंचीच्या, बिनछपराच्या पारदर्शक पेट्या. वारा अडतो, ऊन आत येते, आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा जरा उबदार राहते. म्हणजे येणाऱ्या काळाची हवा आजच थोड्याशा जागेत आणून ठेवलेली. बारामती भागात पॉलीहाऊस पाहिलेल्या आक्कांना हे समजावून सांगावे लागले नाही. "पॉलीहाऊसची पोरं हायती ही," त्या म्हणाल्या. पलीकडे जाळीचे कुंपण होते. त्यात रेनडिअरांना प्रवेश नव्हता, कारण उन्हाळ्यात ते कोवळी पाने खाऊन झुडपांना आवरून धरतात. तेच नसतील तर काय होते, ते तिथे पाहायचे. "पेटीला आणि कुंपणाला हात लावायचा न्हाय," सारिकाने आईला बजावले. तिसऱ्या प्रकारच्या तुकड्याबद्दल ती सांगू लागली, नेमक्या त्याच वेळी मागून "आगं आगं" असा आवाज आला. आक्कांचा एक बूट दलदलीत रुतला होता आणि पाय बूट सोडून वर आला होता. त्या एका पायावर, लुगड्याचा काचा सांभाळत, बगळ्यासारख्या उभ्या होत्या. आम्ही दोघींनी मिळून बूट ओढला. तो एक मोठा उसासा टाकून निघाला, आणि आम्ही तिघीही मागे कोसळून इतक्या हसलो की तिसरा तुकडा त्या हसण्यात राहूनच गेला. मला त्याबद्दल सारिकाने परत येताना सांगितले. आक्का तेव्हा पुढे चालत होत्या.

ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ती झुडपे मी गुडघे टेकून पाहिली. नाण्याएवढी गोल, कातरलेल्या कडांची पाने, काळसर तपकिरी काड्या.

"हा भूर्ज आहे, काकी," सारिका म्हणाली. "बुटका भूर्ज."

मी किती वेळ त्या पानांवरून बोट फिरवत राहिले, सांगता येत नाही. आयुष्यभर मी भूर्जपत्र हा शब्द उच्चारला; हिमालयाच्या उतारांवरची ती उंच, पापुद्र्याची झाडे कवितांतून पाहिली. त्याच कुळातले हे माणूस इथे गारठ्यापुढे वाकून, जमिनीला गाल लावून जगत होते. आणि आता, सारिका सांगत होती, ते मान वर काढते आहे. उन्हाळे उबदार आणि लांब होत आहेत, तशी त्याची उंची वाढते. उंच झुडपात हिवाळ्याचा बर्फ अडकून साठतो, दुलईसारखा जमिनीला ऊब देतो. वसंतात त्याच्या काळ्या काड्या बर्फातून डोके काढून ऊन पितात आणि बर्फ लवकर वितळवतात. म्हणजे उबेने झुडूप वाढते आणि झुडपाने ऊब वाढते. त्याच्या सावलीत ते पांढरे दगडफूल मात्र मरते.

"आपल्याकडची येडी बाभळ," आक्का म्हणाल्या. "कुनी आणली, कशाला आणली. आता माळावर मेंढराला पाय ठिवाय जागा न्हाय."

"आपल्या माळाचं कुणी मोजतच नाही, आई. निम्म्यात ऊस, निम्म्यात बाभळ. तुलना करायला आहे तसा सोडलेला एक तुकडासुद्धा न्हाय."

आक्कांनी हे बोलणे कुठे तरी ठेवून दिले असावे.

मारीतच्या चुलीपाशी

पठाराच्या कडेला मारीतचे उन्हाळी घर होते. मारीत सामी, म्हणजे रेनडिअर पाळणाऱ्या तिथल्या मूळ लोकांपैकी. आक्कांच्याच वयाची, रुंद हाडापेराची, कमरेच्या पट्ट्याला सुरी लावलेली बाई. सारिकाची राहण्याची खोली तिच्याच आवारात, त्यामुळे आम्हीही तिथेच उतरलो.

तिने कॉफी दिली आणि कपात पनीरासारखे चीजचे तुकडे सोडले. आक्कांनी एक तुकडा चघळून पाहिला. तो दातांखाली कुरकुर वाजला. "सारके, चहात पनीर टाकल्यावानी करत्यात की ह्या." मग त्यांनी गूळ काढला. मारीतने गुळाचा खडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि दुसरा न विचारता उचलला. तिथून त्या दोघींचे जमले. एकीने निरवांगीच्या मराठीत बोलावे, दुसरीने सामीत उत्तर द्यावे, आणि मधे सारिकाने दुभाष्याचे काम करायचे. पण हळूहळू ती नुसती बसून राहू लागली, कारण तिची गरज कमी होत होती.

एकदाच तिने भाषांतर करायला साफ नकार दिला. आक्कांनी विचारले होते, "किती हायती गं रेनडिअरं तुजी?"

"आई, हे हितं विचारत न्हायती."

"आता? निस्तं किती ते इचारलं."

"कुणाला बँकेत किती पैसे आहेत विचारल्यासारखं होतं."

आक्का विचारात पडल्या. "आपल्याकडचा धनगर तरी कुटं सांगतो. 'हायत धा-पाच' म्हनतो, आन् निम्मा रस्ता भरतो मेंढरांनी." त्यांनी स्वतःच हात हलवून मारीतला म्हटले, "ऱ्हाऊ दे, बाई. धा-पाच आसतील."

संध्याकाळी मारीतने सुकवलेले मांस आणले आणि आक्कांनी पदर खोचला. येसर लावलेल्या रश्श्याचा वास त्या निर्मळ थंडीत असा दरवळला, की मला क्षणभर वालचंदनगरच्या कारखान्याच्या भोंग्याची वाट पाहावीशी वाटली; तो वाजला की निरवांगीत चुली पेटतात. मारीतने पहिला घोट घेतला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, नाक लाल झाले. तिने पट्ट्याची सुरी काढून समोर ठेवली आणि काही तरी म्हणाली.

"काय म्हनती?"

"म्हणते, हे खायचं तर हत्यार खाली ठेवून शरण यायला हवं."

तिने रस्सा मात्र सोडला नाही; बाजरीच्या भाकरीने वाडगे पुसून घेतले. मग खिडकीबाहेर बोट दाखवून ती बराच वेळ बोलली. लहानपणी या खिडकीतून कळप क्षितिजापर्यंत दिसायचा. आता ओढ्याकाठची वाळुंजाची झुडपे माणसाच्या छातीला लागतात. पाडस त्यात शिरले की आईला दिसत नाही, आणि आई हाका मारत उलट दिशेला जाते. तिची स्वतःची वाट, जी तिची आजी डोळे मिटून चालायची, मागल्या वर्षी तिला सापडली नाही. हे सांगताना तिच्या स्वरात तक्रार नव्हती. शेजारी जास्त बोलू लागला आहे, असे सांगावे तसे ती सांगत होती.

बाहेर सूर्य मावळायला टेकला होता आणि टेकूनच राहिला होता. त्या मुलखात त्या दिवसांत रात्र अशी होतच नाही. संध्याकाळ थोडी लाजते आणि पुन्हा सकाळ होते.

खुरपणी

एके दिवशी आक्कांचा गुडघा दुखत होता. सारिकाला पलीकडच्या उतारावरच्या पेट्या मोजायच्या होत्या. आक्कांना एका उबदार दगडावर बसवून, थर्मास जवळ ठेवून, आम्ही दोघी गेलो. मी आकडे उतरवून घेत होते. सारिका प्रत्येक काडीशी वाकून तिची उंची मोजे, पाने मोजे, आणि तिचा चेहरा त्या वेळी मला एखादी दुर्बोध ओळ पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थिनीसारखा दिसे. वाटेत आम्ही पिवळ्या, मधाळ क्लाउडबेरी खाल्ल्या. त्यांची चव पिकलेल्या सफरचंदाची आणि ताकाची एकाच वेळी होती.

परतलो तेव्हा आक्का दगडावर नव्हत्या. त्या थोड्या अंतरावर उकिडव्या बसल्या होत्या, पाठमोऱ्या, अगदी ओळखीच्या बैठकीत. त्यांच्यापुढे चौकोनी तुकडा स्वच्छ झाला होता. गवत होते, दगडफूल होते; भूर्ज नव्हता. उपटलेली झुडपे एका कडेला ओळीने मांडली होती, सगळ्यांची मुळे उन्हाकडे, निरवांगीत खुरपलेले तण बांधावर मांडतात तशी. हातात खुरपे होते.

"आलात व्हय? म्हटलं बसून काय करू. तुजी पॉलीहाऊसं आन् कुंपान सोडलं बग मी, हात न्हाय लावला." त्या समाधानाने उठू लागल्या. "ह्यो मोकळा तुकडा लई माजला हुता. काडी काडी चिवट. पर खाली गादी हाय, मुळासकट येत्यात."

सारिका तुकड्याच्या कोपऱ्याशी गेली, शेवाळ बाजूला सारले. खाली बोटाएवढी धातूची खुंटी होती. दुसऱ्या कोपऱ्यातही होती. चारही पाहून ती तिथेच बसली.

"आई, हा तिसरा तुकडा होता."

"कंचा तिसरा?"

"एक तापवायचा. एक राखायचा. आन् एक... ह्याला काहीच न्हाय करायचं. वर्षानुवर्षं नुसतं बघायचं."

आक्का तिच्याकडे आणि तुकड्याकडे पाहत राहिल्या. त्यांचा प्रश्न खरा होता, त्यात बचाव नव्हता. "काईच न्हाय करायचं, तर राखायचा कशापायी?"

"त्याला काही केलं न्हाय, म्हणून बाकीच्यांना काय झालं ते कळतं. ह्याच्याशी मापायचं सगळं."

वारा पेट्यांच्या कडांवरून शीळ घालत गेला. ज्या गावात बांधाची वीतभर माती वाया जात नाही, जिथे रिकामी जागा दिसली की शेपूची चिमूट टाकतात, तिथल्या बाईला हे कसे सुचावे? मोकळी जमीन म्हणजे आळस, आणि आळस म्हणजे लाज, हेच आम्ही सगळ्यांनी त्यांना शिकवले, आणि त्यासाठीच त्यांचे कौतुक केले. मला सारिकाचे वाईट वाटत होते आणि आक्कांचेही.

आक्कांनी खुरपे धडप्यात गुंडाळले. घरी परतेपर्यंत त्यांनी दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत धरून ठेवले होते. तशा चालताना मी त्यांना प्रथमच पाहिले.

सारिकाने मार्गदर्शक बाईंना फोन लावला तो खोलीचे दार लावून. आम्ही मारीतच्या चुलीपाशी बसलो. उपटलेली झुडपे सारिकाने ओल्या कापडात गुंडाळून आणली होती. ती टेबलावर होती. मारीतने कापड उघडून पाहिले, आक्कांकडे पाहिले, त्यांच्या पाठीमागच्या हातांकडे पाहिले. सारिका बाहेर आली, तेव्हा मारीत तिच्याशी काही तरी बोलली, आणि इतका वेळ पांढरा पडलेला सारिकाचा चेहरा हसण्याने एकदम फुटला. हसता हसता डोळे पुसत तिने आम्हाला सांगितले:

"म्हणते, हेच माझ्या रेनडिअरांनी केलं असतं, तर तू त्याला निष्कर्ष म्हटलं असतंस."

आक्का हसल्या नाहीत. "तुजी बाई काय म्हनली?"

"हा तुकडा गेला, म्हणाली. कामातून काढायचा, आणि का काढला ते सरळ लिहायचं. दुसऱ्या उतारांवर असेच काही आहेत. माझं काम लंगडं झालं, आई. पर चालंल."

"नोकरीचं?"

"ते शरदात कळंल."

सारिका आईच्या शेजारी बसली. कोणी कोणाची क्षमा वगैरे मागितली नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही. आक्कांनी पाठीमागचा एक हात सोडवून लेकीच्या गुडघ्यावर ठेवला, एवढेच.

काचेखाली

उपटलेल्या काड्या टाकून द्यायच्या नाहीत, असे मार्गदर्शक बाईंनी सांगितले होते. दुसऱ्या दिवशी सारिकाने एका काडीचा, मुळाशी जिथे ती जमिनीतून वर येते तिथला, केसाइतका पातळ काप काढला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आधी मी पाहिले. पेन्सिलीहून बारीक अशा त्या काडीच्या पोटात वर्तुळामागे वर्तुळ होते, आतली इतकी दाटीवाटीची की जणू कोणी श्वास रोखून लिहिली असावीत. प्रत्येक वर्तुळ एका उन्हाळ्याचे. बाहेरची वर्तुळे मात्र मोकळी, रुंद, हात पसरून बसलेली. ऊब कुठे सुरू झाली, ते कोणी न सांगता दिसत होते.

आक्कांनी एक डोळा मिटून पाहिले. बराच वेळ पाहिले.

"किती वर्साची?"

सारिकाने मोजले, पुन्हा मोजले. "तुझं लगीन झालं, तवा ही उगवली असंल."

"एवडीशी काडी." आक्का मागे सरल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "मी रोप समजले गं. ही तर बाई हाय. आन् मी एका झटक्यात..."

"एका झटक्यात न्हाय निघाली, तूच म्हणालीस. लई चिवट हुती म्हणून."

"चिवट हुती," आक्का म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा किंचित हसल्या.

उरलेले दिवस आम्ही भटकलो, खाल्ले, मारीतबरोबर तिची हरवलेली वाट शोधायला गेलो आणि अर्धी शोधून परत आलो. आक्कांनी पठारावर पाऊल ठेवले की हात पाठीमागे जात. निघताना मारीतने त्यांना रेनडिअरच्या शिंगाची मूठ असलेली एक छोटी सुरी दिली. आक्कांनी धडप्यासकट आपले खुरपे तिच्या हातात ठेवले. मारीतने ते भिंतीला, चुलीच्या वर, लटकावले. तिथे ते सर्वांत सुरक्षित आहे, असे सारिका म्हणाली. आणि तिची झुडपेही.

निरवांगी

परत आल्यावर मी बारामतीत माझ्या पुस्तकांत शिरले, आणि कार्तिकात, गवत पिवळे पडू लागल्यावर, निरवांगीला गेले. सारिकाचे काम त्याआधीच मांडून झाले होते. पुढची नेमणूक मिळाली होती. ती पुरी नव्हती, निम्म्या मुदतीची होती. तो तुकडा असता तर कदाचित पुरी मिळाली असती. सारिकाने हे मला सांगितले होते, आईला सांगू नको म्हणून. आक्कांनी मला दारातच विचारले, "निम्मीच दिली न्हवं?" लेकीने लपवलेले आईला कसे कळते, यावर मी विचार करणे सोडून दिले आहे.

आबा ओसरीवर बसले होते. "जा, बगून या तुमच्या जावंचं शेत," ते म्हणाले. "गुंठाभर माळ पडीक टाकलाय बाईनं. गावात म्हनत्यात, आक्का दमल्या आता."

"म्हनू द्या," आक्का आतून म्हणाल्या. "त्यांनी कुटं फ्रिजातला माळ बगितलाय."

कालव्याच्या वर, उसाची हिरवी कड संपते तिथे, आमच्या वाट्याला थोडा जुना माळ उरला आहे. दर वर्षी तो नांगरायचे बोलणे निघते. त्याच्या मधोमध चुना फासलेले चार दगड दिसले. चौकोनात पवन्या होता, कुसळी होती, तरवडाची दोन पिवळी फुले होती, आणि एका कोपऱ्यात ताठ उभे राहिलेले वेड्या बाभळीचे रोप, माझ्या गुडघ्याला लागेल एवढे. बाहेर सगळीकडे आक्कांच्या हाताची स्वच्छता होती. आत मात्र जे आले ते आले होते. एका दगडाला लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली होती.

"पौर्णिमेला पौर्णिमेला येते. वितीनं मापते आन् पोरीला फोनवर सांगते," आक्का म्हणाल्या. "मेंढरं आली हुती वरून, त्यांनाबी भायेरनं न्हेलं. मग सारकी म्हनली, न्हाय आई, मेंढरं येत आसतील तर यिऊ दे, त्यांची वाट हाय ती. तू निस्तं काय करू नगं." त्यांनी त्या बाभळीच्या रोपाकडे पाहिले, जसे एखाद्या उद्धट पाहुण्याकडे पाहावे. "बग कसं वाकुल्या दावतंय मला. एका बोटाचं काम हाय."

त्यांचे दोन्ही हात पाठीमागे, एकमेकांत घट्ट धरलेले होते. करंगळी तेवढी हलत होती.

ऊन कलले होते. गवताच्या शेंड्यांतून ते गाळून येत होते आणि कुसळीचे तुरे त्यात जळल्यासारखे दिसत होते. त्या वासाने, त्या उजेडाने मी कुठल्या कुठे गेले असेन. माझ्याही नकळत वाकले, आणि चौकोनाच्या कडेचा एक सोनेरी तुरा खुडायला हात पुढे केला.

"शालू," आक्का म्हणाल्या. "हात मागं."

मी हात मागे घेतला. मग आम्ही दोघी जावा, हात पाठीमागे बांधून, कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिलो आणि काहीच केले नाही.